सोडियम काढून एलईडी बसवताना: एप्रनच्या उजेडाचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

"सर, चारशे वॅटचा सोडियमचा दिवा काढला तर तिथे किती वॅटचा एलईडी लावू?"

नाशिकच्या सातपूर-अंबडकडची नवी डिप्लोमावाली मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं आहे: आधी रात्री एप्रनवर फेरी मारून ये, मग वॅट विचार. कारखान्याच्या आवारात वॅटला वॅट लावून निभावतं. उजेड थोडा कमीजास्त झाला तर कुणाचं फारसं बिघडत नाही. एप्रनवर, म्हणजे विमान उभं राहतं, प्रवासी चढतात-उतरतात, सामान आणि इंधन भरलं जातं त्या फरसबंद जागेवर, असं चालत नाही. तिथे वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप गेली तर ते धोक्याचं, आणि पंखाखाली अंधार राहिला तर तेही.

नाशिकला विमानतळ म्हणजे आपलं ओझर. जागा एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. एका बाजूला लढाऊ विमानांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये उद्घाटन झालेलं प्रवासी टर्मिनल, शिवाय हालकॉन या कंपनीचं कार्गो, म्हणजे मालवाहतूक. २०२६-२७ च्या सिंहस्थात इथली वर्दळ वाढेल हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे जे लिहिलंय ते मात्र कुठल्याही मध्यम विमानतळाला लागू पडेल. हवापाणी तेवढं आपल्याकडचं धरलं आहे.

पहिली पायरी: जुना उजेड मोजा

नवीन काही मागवण्याआधी जुन्याची कुंडली काढा. कॅलिब्रेशनचं चालू सर्टिफिकेट असलेला लक्समीटर, म्हणजे उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र, घ्या, अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि प्रत्येक बेवर, म्हणजे एका विमानाच्या उभं राहण्याच्या जागेवर, पाच-पाच मीटरच्या चौकटी आखा. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन प्रकारची मोजणी करायची. एक जमिनीवर, मीटर आडवा ठेवून. दुसरी जमिनीपासून २ मीटर उंचीवर, मीटर उभा धरून, चारही दिशांना तोंड करून. दुसरी मोजणी हमखास टाळली जाते, कारण कंटाळवाणी आहे. पण विमानाचं दार, झाकणावरची अक्षरं, समोरच्या माणसाचा हातवारा हे सगळं उभ्या पृष्ठभागावर दिसतं. जमीन झगझगीत असून लोडरला दाराची कडी दिसत नसेल तर त्या उजेडाचा उपयोग काय?

मोजताना पॅनलवरचं व्होल्टेजही लिहून ठेवा. सोडियमचा उजेड व्होल्टेजबरोबर चांगलाच खालीवर होतो. संध्याकाळच्या लोडवर मोजलं आणि पहाटे मोजलं तर दोन वेगळे एप्रन असल्यासारखे आकडे येतील.

आता या आकड्यांची तुलना कशाशी करायची? आयकाओ या जागतिक नागरी विमान संघटनेच्या अनेक्स १४ मध्ये, आणि त्यावर बेतलेल्या डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान संचालनालयाच्या, नियमांत, बेसाठी सरासरी २० लक्स आडवा उजेड सांगितला आहे. उभा उजेडही २० लक्स, २ मीटर उंचीवर, कामाच्या दिशांना. एप्रनच्या बाकी भागात बेच्या सरासरीच्या निम्मा चालतो. हे आकडे पाहून नवखा माणूस चकित होतो, कारण २० लक्स म्हणजे घरातल्या दिवाणखान्यापेक्षाही कमी. खरी मेख पुढच्या अटीत आहे: सरासरी भागिले सर्वांत कमी, हे गुणोत्तर ४:१ च्या वर जाता कामा नये.

समजा एका बेची सरासरी २४ लक्स आली. छान वाटतं. पण पंखामागच्या एका कोपऱ्यात मीटरने ५ दाखवले. २४ भागिले ५ म्हणजे ४.८. बे नापास. तिथे आणखी मोठा फ्लडलाइट लावून सरासरी ३० केली आणि कोपरा ५ वरच राहिला तर गुणोत्तर ६ होतं, म्हणजे पैसे घालून परिस्थिती बिघडवली. एप्रनला उजेड जास्त नको, सारखा हवा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

सावली कुठे पडते ते विमान उभं असताना बघा

रिकाम्या एप्रनवर मोजून समाधान मानू नका. कंट्रोल टॉवरची आणि एअरलाइनच्या लोकांची परवानगी घेऊन विमान उभं असताना एकदा लांबून चक्कर मारा. एअरबस ए३२० घ्या. प्रवासी डाव्या बाजूने चढतात, पण पोटातल्या कार्गोची दारं उजव्या बाजूला आहेत आणि इंधनाची नळी नेहमी लागते तीही उजव्या पंखाखाली. एटीआर ७२ मध्येही इंधन उजव्या बाजूनेच भरतात. म्हणजे कष्टाचं काम उजवीकडे. मास्ट, म्हणजे फ्लडलाइटचे उंच खांब, मात्र बहुतेक ठिकाणी टर्मिनलच्या बाजूला, विमानाच्या नाकासमोर ओळीने उभे असतात. मग उजव्या पंखाची सावली नेमकी कामाच्या जागेवर पडते. म्हणून प्रत्येक बेला किमान दोन दिशांनी उजेड मिळावा असं नियम सांगतो: शेजारच्या मास्टवरचे एक-दोन फ्लडलाइट तिरके या बेकडे वळवायचे. डिझाइनवाला हे संगणकावर करून देतो, पण सावली कुठे नडते हे त्याला तुम्हीच सांगायचं. तो ओझरला आलेला नसतो.

आणि नाकासमोरच्या मास्टचा दुसरा त्रास म्हणजे बेमध्ये शिरणारा वैमानिक थेट त्या दिव्यांकडे बघत येतो. म्हणून फ्लडलाइटची उंची, तिथे येणाऱ्या विमानांतल्या वैमानिकाच्या डोळ्यांच्या जास्तीत जास्त उंचीच्या किमान दुप्पट ठेवतात. ए३२० मध्ये ही डोळ्यांची उंची साडेचार मीटरच्या आसपास असते. २० मीटरचा मास्ट असेल तर या बाबतीत निश्चिंत राहा. टर्मिनलच्या भिंतीवर ८ मीटरवर ठोकलेले "जादा" फ्लडलाइट मात्र पहिल्या दिवशी काढा.

मास्टची तब्येत

जुनेच मास्ट वापरायचे तर इथे घाई नको. हायमास्टची रिंग, म्हणजे दिवे बसवलेलं कडं, विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) खाली येते, ती तीन पोलादी दोरांवर लटकते. दोराची एखादी तार तुटलेली दिसली, विंचच्या ड्रमवर गंज दिसला, तळाच्या प्लेटचे नट सैल असले, तर आधी त्याची दुरुस्ती. वाऱ्याचा हिशेब स्ट्रक्चरवाल्याकडून लेखी घ्या. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे. एलईडी फिटिंग कधी सोडियमपेक्षा हलकं असतं, पण चपटं आणि रुंद असल्यामुळे वारा जास्त धरू शकतं. वजन आणि वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्रफळ, दोन्ही आकडे उत्पादकाकडून मागा.

एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते, म्हणून सांगतो. रिंगचा तोल. आधी बारा फिटिंग गोलाकार होती, आता आठच लागणार आणि सगळी बेच्या बाजूला. मग रिंग एका अंगाला कलते, वर जाताना मास्टला घासते आणि अर्ध्या वाटेत अडकते. माझ्या सुरुवातीच्या एका साइटवर हे झालं. १२ मीटरवर रिंग अडकलेली, खाली बे बंद, संध्याकाळचं विमान यायच्या मार्गावर. क्रेन येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरने माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघण्यात दोन तास घालवले. मागच्या बाजूला नुसतं वजन बांधलं असतं तरी भागलं असतं.

मास्टची उंची वाढवायचा विचार असेल तर अडथळ्यांच्या मर्यादा तपासा. मोठ्या इन्स्ट्रुमेंट (उपकरणांच्या मदतीने उतरण्याच्या) धावपट्टीच्या पट्ट्याची कड मध्यरेषेपासून १४० मीटरवर धरतात. तिथून बाहेरच्या दिशेने १४.३ टक्के चढाची एक काल्पनिक उतरंड असते आणि तिच्या वर काही डोकावायला नको. २० मीटर उंच मास्ट त्या कडेपासून सुमारे १४० मीटर लांब हवा, २५ मीटरचा असेल तर १७५ मीटर. टोकावरची वीजरोधक सळई आणि लाल दिवासुद्धा उंचीत मोजायचे. तो लाल अडथळा-दिवा नव्या कामात विसरला जाऊ नये. त्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे फ्लडलाइट मंद किंवा बंद असले तरी तो पेटत राहील.

फिटिंग निवडताना

सोडियमच्या जुन्या फिटिंगमध्ये मक्याच्या कणसासारखा एलईडी बल्ब कोंबायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. स्वस्त आहे, खरं. पण जुना आरसा सोडियमच्या छोट्या नळीसाठी घडवलेला असतो. कणसाचा उजेड त्यातून कुठेही फाकतो, आणि बंद डब्यात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, शिजतो. नको.

हवा आहे तो एप्रनसाठी बनवलेला, असमान फेकीचा फ्लडलाइट. म्हणजे काच जवळपास जमिनीला समांतर ठेवूनही उजेड पुढे दूर जातो आणि आकाशाकडे काहीच जात नाही. सर्वाधिक तीव्रतेचा किरण उभ्या रेषेपासून ६५ अंशांच्या आत ठेवला की चकाकी बरीच आटोक्यात येते. उत्पादकाकडून प्रकाशफेकीची फाइल मागा, संगणकावर बसवून बघता येते ती. फाइल द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

रंगाबद्दल. सोडियमच्या पिवळ्या उजेडात लाल-केशरी-तपकिरी सगळं एकसारखं दिसतं, त्याचा रंगदर्शक निर्देशांक २०-२५ च्या घरात. एलईडीचा ७० किंवा वर घ्या. विमानावरच्या खुणा, जमिनीवरच्या पिवळ्या-लाल रेषा, इंधनाच्या गळतीचा डाग खऱ्या रंगात दिसतो. रंगछटा ४००० केल्विन पुरे. ५७०० चा पांढराशुभ्र उजेड दाखवायला भारी, पण त्यात निळा भाग जास्त आणि किडे त्याला अधिक भुलतात. ओझर निफाड तालुक्यात, चोहीकडे द्राक्षबागा. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरांचं मोहोळ जमलं की मागोमाग वटवाघळं आणि सकाळी मेलेले किडे टिपायला पक्षी. विमानतळाला पक्षी किती नको असतात ते कुणालाही विचारा.

हवेचा मारही लक्षात घ्या. निफाडची थंडी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, आणि त्याच एप्रनवर एप्रिल-मेमध्ये काँक्रीट तापून पाऊल ठेववत नाही. थंडी एलईडीला मानवते, उकाडा नाही. म्हणून ड्रायव्हर ५० अंशांपर्यंत चालेल असा मागा. गारपिटीचं द्राक्षबागायतदारांना विचारा, तुमच्यासाठी त्याचा अर्थ आयके०८ किंवा वरची कडक काच. पाणी-धुळीसाठी आयपी६६. वळवाच्या पावसाआधी कडाडणाऱ्या विजांसाठी फिटिंगमध्ये किमान १० केव्हीचं सर्ज संरक्षण आणि मास्टच्या तळाच्या पॅनलमध्ये आणखी एक टप्पा. अर्थिंग खराब असेल तर यांपैकी काहीच कामाचं नाही, हे मी वेगळं सांगायला नको. तरी सांगितलं.

आयुष्याचा दावा "एक लाख तास" एवढाच लिहिलेला असेल तर अर्धवट आहे. किती टक्के उजेड शिल्लक असताना आणि किती तापमानाला, हे सोबत हवं. डिझाइनमध्ये देखभाल गुणांक ०.८ धरला तर पहिल्या दिवशी सरासरी २५ लक्स यायला हवेत, म्हणजे धूळ आणि म्हातारपण धरून २० टिकतील.

वायरिंग: जुनं काय काढायचं

सोडियमसाठी लागणारे चोक, इग्नायटर, कंडेन्सर तिन्ही बाहेर. फिटिंगमधले निघतात, पण पॅनलमध्ये पॉवर फॅक्टरसाठी बसवलेले मोठे कंडेन्सर बँक तसेच राहतात. सोडियमच्या चोकसाठी ते होते. एलईडी ड्रायव्हरला त्यांची गरज नाही. राहू दिले तर पॉवर फॅक्टर उलट्या अंगाने, लीडिंगकडे जातो. महावितरण २०२० पासून एचटी, म्हणजे उच्चदाबाच्या, ग्राहकांना केव्हीएएच युनिटवर, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की वाढणाऱ्या युनिटवर, बिल लावते, त्यामुळे युनिट वाचवायला गेलात आणि बिल अपेक्षेइतकं उतरलं नाही, असं होतं. दोष एलईडीचा नसतो.

दुसरं, चालू करतानाचा झटका. एलईडी ड्रायव्हर पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. हिशेबाने १० अँपिअरच्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आठ ड्रायव्हर आरामात बसतात, पण प्रत्यक्षात रोज संध्याकाळी एमसीबी पडतो. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील याचा तक्ता उत्पादकाकडे असतो. तो घ्या, सी किंवा डी प्रकारचा एमसीबी निवडा, आणि मास्ट काही सेकंदांच्या अंतराने पेटतील अशी सोय करा.

फिटिंग तिन्ही फेजवर अशी वाटा की एक फेज गेली तरी कुठलाही बे पूर्ण काळोखात जाणार नाही. जनरेटरच्या बाबतीत एलईडी सोडियमवर सरळ मात करतो. वीज गेली की गरम सोडियम पुन्हा पेटायला मिनिटं घेतो, म्हणून पूर्वी आणीबाणीसाठी हॅलोजन वेगळे ठेवावे लागत. एलईडी जनरेटर येताक्षणी पेटतो.

मंद करण्याची सोय हवी असेल तर मास्टच्या आतली लोंबती केबल बघा. बहुतेक पाच कोअरची असते, कंट्रोलसाठी जादा तार नसते. केबल बदलण्यापेक्षा वायरलेस किंवा ड्रायव्हरमध्येच वेळापत्रक भरण्याचा पर्याय स्वस्त पडतो. रिकाम्या बेवर किती मंद करायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. ऑपरेशन्स आणि सुरक्षा दोघांची सही घ्या, कॅमेऱ्याला रात्री काय दिसतं तेही पडद्यावर बसून बघा. हलक्या ड्रायव्हरचा उजेड मंद केल्यावर लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला पट्टे दिसतात.

परवानगी आणि प्रत्यक्ष काम

एअरसाइडला, म्हणजे विमानांच्या बाजूला, जायला बीसीएएस या विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांप्रमाणे प्रवेशपत्र लागतं, आणि ओझरसारख्या ठिकाणी संरक्षण खात्याची शिस्त वर. तुमच्या वायरमनची पोलीस पडताळणी आठवडे खाते. ऑर्डर हातात पडायची वाट न बघता कागद आधी सुरू करा. बे बंद ठेवावा लागत असेल तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघावी लागते, त्यासाठी कामाची तारीख, वेळ आणि क्रेनची उंची आधीच लेखी द्यायची. क्रेनचा बूम हाही अडथळाच.

दिवाळीनंतरचे महिने या कामाला बरे. पावसाळ्यात मास्टची रिंग खाली घेऊन उघड्या जंक्शन बॉक्समध्ये काम करायची हौस कुणालाच नसावी.

एका वेळी एकच मास्ट. पहिला मास्ट पूर्ण करून आठवडाभर चालू ठेवा, तक्रारी ऐका, मग उरलेले. रिंग खाली येताना मास्टखाली कुणी नको, वारा जोरात असेल तर काम उद्यावर. आणि एफओडी, म्हणजे एप्रनवर पडलेली परकी वस्तू: तुटलेला केबल टाय, वॉशर, वायरचा सोललेला तुकडा. इंजिन ते गिळतं. हत्यारं मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा, स्क्रू चुंबकी ट्रेमध्ये ठेवा, आणि शेवटी सगळ्यांनी ओळीने चालत जमीन बघा. वायरमन मंडळी याला हसतात. पहिल्यांदा एखादा हरवलेला नट तासभर शोधायला लागला की हसू जातं.

काढलेल्या सोडियमच्या नळ्यांत पारा असतो. भंगारवाल्याला नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या ई-कचरा पुनर्चक्रणवाल्याला द्यायच्या आणि पावती फाइलला लावायची.

कोन लावणं आणि शेवटची मोजणी

रिंग खाली असतानाच डिझाइनमधल्या कोनांप्रमाणे प्रत्येक फिटिंग कोनमापकाने लावा, बोल्ट आवळल्यावर रंगाने खूण करा. पुढे कुणी दुरुस्तीला खाली घेतलं तर खुणेवर परत बसतं. वर गेल्यावर रात्री पुन्हा तीच पाच मीटरची चौकट, तोच मीटर. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवा.

मग दोन जागी जाऊन उभे राहा. एक टॉवर. काचेतून धावपट्टीकडे बघताना एप्रनचे दिवे डोळ्यांत येतात का, काचेवर प्रतिबिंब पडतं का, ड्यूटीवरच्या माणसाला विचारा. दुसरी जागा टॅक्सीवेवरून बेकडे येणारी वाट, जीपमध्ये नव्हे, शिडीच्या गाडीवर चढून वैमानिकाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी एकदा हे टाळलं होतं. पहिल्याच रात्री टॉवरवरून फोन आला, शांत आवाजात: "तुमचा तिसरा मास्ट जरा आमच्याकडून दुसरीकडे बघेल असं करता येईल का?" फक्त चार अंश फिरवायचा होता. त्यासाठी पुन्हा बे बंद, पुन्हा नोटॅम, पुन्हा विंच.

बचतीचा हिशेब, फुगवल्याशिवाय

उदाहरण म्हणून सहा मास्ट धरू, ओझरचे नव्हेत, कागदावरचे. प्रत्येकावर ४०० वॅटचे बारा सोडियम. चोकचा खप धरून एक ४४० वॅट. एकूण ३१.६८ किलोवॅट. रोज ११ तास म्हणजे वर्षाला ४,०१५ तास आणि सुमारे १ लाख २७ हजार युनिट. नव्या डिझाइनमध्ये मास्टमागे २४० वॅटची आठ फिटिंग पुरली, तर ११.५२ किलोवॅट आणि साधारण ४६ हजार युनिट. बचत ८१ हजार. अर्धी रात्र ४० टक्क्यांवर मंद केलं तर आणखी १४ हजार.

प्रस्तावात इथवर सगळे लिहितात. पण जुने मास्ट खरंच रात्रभर पूर्ण पेटत होते का? अनेक ठिकाणी शेवटचं विमान गेलं की रखवालदार अर्धे दिवे बंद करतो. अर्धी रात्र तसं असेल तर जुना खप ९५ हजारांच्या आसपास येतो आणि मंद करण्यासकट बचत ९५ हजारांवरून ६३ हजारांवर. म्हणून प्रस्तावाआधी मास्टच्या पॅनलवर महिनाभर मीटर बसवा आणि रखवालदाराशी चहा घ्या. वर्षभराने ऑडिटवाला विचारेल तेव्हा ९५ चे ६३ कसे झाले, हे समजावत बसण्यापेक्षा तो चहा स्वस्त पडतो.